पडता लोहचुंबक आणि त्याचें गणित

तांब्याच्या भांड्याला लोहचुंबक चिकटत नाहीं, हें लहान मुलालाही ठाऊक असतें. परंतु १ मीटर लांबीची जाड तांब्याची नळी उभी धरून तिच्यांत एखादा जोरदार चुंबक सोडला, तर मोठें नवल दृष्टीस पडतें. तेवढ्या उंचीवरून दगड सुमारें ०.४५ सेकंदांत खालीं येतो. चुंबक मात्र नळीला न चिकटतांही, जणुं मधांतून उतरत असावा तसा, कित्येक सेकंद रेंगाळत येतो.

याचें मूळ मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं शोधून काढलें. चुंबकीय क्षेत्र बदललें कीं धातूंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. नळीच्या अंगांत हे प्रवाह पाण्यांतील भोवऱ्यांप्रमाणें फिरतात, म्हणून त्यांस आवर्त-प्रवाह म्हणावें. ज्या गतीमुळें ते जन्मास येतात तिलाच ते विरोध करतात, हा नियम लेंझनें १८३४ सालीं मांडला. पडणाऱ्या चुंबकाचा वेग वाढतो तसा विरोधही वाढतो; तो वजनाइतका झाला म्हणजे वेग स्थिर होतो. जुन्या वीजमीटरमधील ॲल्युमिनियमची तबकडी याच तत्त्वानें आवरली जाते.

जर्मनीच्या आय.सी.ई. ३ या आगगाड्यांना रुळांस स्पर्श न करतां वेग रोखणारे असेच ब्रेक आहेत. तेथें मात्र अंदाजावर भागत नाहीं. एका मर्यादेपुढें वेग वाढला तर विरोध उलट घटूं लागतो. कारण आवर्त-प्रवाहांचें स्वतःचें क्षेत्र मूळ क्षेत्राला धातूंत खोल शिरूं देत नाहीं. शिवाय लागोपाठच्या गाड्यांनीं रूळ तापून प्रसरण पावतात. उलट, गाडी उभी असतां गति नाहीं म्हणून विरोधही नाहीं. तिला धरून ठेवण्यास दुसराच ब्रेक लागतो. शेंकडों उतारूंचे प्राण या हिशेबावर अवलंबून असतात.

हा हिशेब आतां संगणकाकडून करवितात. चुंबक, धातु व भोंवतालची हवा यांचे कागदावर नव्हे, तर आंकड्यांत हजारों लहान तुकडे पाडतात. काळाचेही बारीक क्षण करतात. प्रत्येक क्षणीं क्षेत्र किती, त्यावरून प्रवाह किती, प्रवाहावरून बल किती, व बलावरून नवा वेग आणि नवें स्थान कोणतें, हें क्रमानें काढावयाचें. मग चुंबक तेवढा सरकवून पुनः तोच क्रम. प्रवाह पृष्ठभागाजवळ दाटत असल्यानें तेथील तुकडे मोठे ठेवले, तर बलाचें उत्तर चुकतें.

परंतु संगणक चुकलेलें उत्तरही तितक्याच सुबक रंगांत दाखवितो. म्हणून परीक्षा हवी. १० ग्रॅमचा चुंबक स्थिर वेगानें १ मीटर उतरला, तर सुमारें ०.१ ज्यूल ऊर्जा नळीच्या उष्णतेंत दिसली पाहिजे. हा जमाखर्च न जुळल्यास कोठेंतरी दोष आहेच; पण जुळला म्हणून उत्तर खरेंच असेंही नव्हे. तुकडे आणि क्षण आणखी बारीक करून उत्तर स्थिर राहतें काय, हें पाहावें लागतें. आणि शेवटीं खरी नळी, खरा चुंबक व घड्याळ घेऊन वेळ मोजावी लागते. निसर्गानें दिलेली ही साक्ष मिळाल्यावरच त्या गणितावर आगगाडी सोंपवावी, हें शहाणपणाचें होय.