घोळका आणि पांढरी निशाणे

करोनाच्या साथीत २०२० साली जगभरची कलादालने आणि वस्तुसंग्रहालये बंद झाली, तेव्हा पाहण्याजोग्या उरल्या त्या उघड्यावरच्या कलाकृती. मोकळ्या हवेत धोका कमी, हे त्या दिवसांत आपण शंभरदा ऐकले. का कमी, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. बोलताना-खोकताना तोंडावाटे जे सूक्ष्म तुषार बाहेर पडतात ते बंद खोलीत साचून राहतात, बाहेर वारा त्यांना पांगवतो. पण दोन माणसे समोरासमोर खेटून उभी असली तर वाऱ्याला तेवढी सवडच मिळत नाही. म्हणजे भय चित्राचे नव्हे, चित्रासमोरच्या घोळक्याचे. (हात लागल्याने होणारी बाधा त्यामानाने विरळ, असे पुढे दिसून आले.) आणि सार्वजनिक कलाकृतीचा तर स्वभावच घोळका जमवण्याचा!

आपल्याकडे २०२० च्या गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्ती चार फुटांहून उंच नसावी असा नियम शासनाने केला. आकर्षण लहान केले की गर्दी आटोपशीर राहील, असा तो सरळ हिशेब.

अमेरिकेत सुझॅन ब्रेनन फर्स्टेनबर्ग यांनी नेमके उलट केले. सप्टेंबर २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल मॉल’ या विस्तीर्ण हिरवळीवर त्यांनी, साथीत दगावलेल्या प्रत्येक अमेरिकन माणसामागे एक, अशी लहान पांढरी निशाणे रोवली. आरंभी ती साडेसहा लाखांवर होती. मृत्यू वाढत गेले तशी निशाणेही वाढली आणि ३ ऑक्टोबरला, अखेरच्या दिवशी, त्यांची संख्या ७,०१,१३३ झाली. ती साठ-साठ फुटांच्या चौकोनांत लावलेली होती व मधून पायवाटा सोडल्या होत्या. या कलाकृतीला दर्शनी बाजूच नव्हती. मग सगळ्यांनी एकाच जागी खोळंबावे कशासाठी? पाहायचे म्हणजे चालायचे. अंतर राखण्याची सूचना कलाकृतीच्या मांडणीतच मुरलेली होती. मला तरी तिचे मोठेपण आकड्यापेक्षा या योजनेत अधिक वाटते.

साथीत कित्येकांना आपल्या माणसाची रुग्णालयात अखेरची भेट मिळाली नव्हती, अंत्यविधीला आप्तेष्ट जमवता आले नव्हते. इथे त्यांना एका निशाणावर त्या माणसाचे नाव लिहिता येत होते, दोन शब्द लिहिता येत होते. ते लिहायला गवतावर गुडघे टेकून वाकावे लागे, आणि तेवढा वेळ शेजारी कोणी नसले तरी चाले.