आगरवाड्याचं मीठ, डिचोलीचं लोखंड

मुलगी अकरावी विज्ञानाला गेली आहे, तिच्या रसायनशास्त्राच्या मूळ संकल्पनांची उजळणी कुठून सुरू करावी, असं पेडण्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे. त्यांना पुस्तकांची नावं हवी आहेत. ती कुणीही देईल. मी त्यांना आधी त्यांच्याच तालुक्यातल्या, शापोरा नदीकाठच्या आगरवाड्याच्या मिठागरांवर जायला सांगेन, आणि मग शेजारच्या डिचोली तालुक्यातल्या लोहखनिजाच्या डोंगरांकडे. द्रावण, संपृक्तता, अवक्षेप, ऑक्सिडीकरण आणि मुलांना छळणारा तो मोल, हे सगळं या दोन तालुक्यांत उघड्यावर पडलेलं आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं साधं मीठ साधारण २७ ग्रॅम. सोडियम क्लोराइडचा एक मोल म्हणजे ५८.५ ग्रॅम, तेव्हा लिटरभर पाण्यात जेमतेम अर्धा मोल मीठ झालं. उरलेल्या क्षारांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट अशी बरीच मंडळी आहेत. मग मिठागरात ही सगळी खिचडी न होता बऱ्यापैकी शुद्ध मीठ कसं हाती लागतं?

याचं उत्तर १८४९ साली उझिलिओ नावाच्या रसायनज्ञाने दिलं. त्याने भूमध्य समुद्राचं पाणी घेतलं, ते हळूहळू आटवलं आणि प्रत्येक टप्प्यावर तळाशी काय बसलं ते वजन करून लिहून ठेवलं. पाणी निम्म्यावर आलं तेव्हा चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खाली बसली. पाचव्या हिश्शावर आल्यावर जिप्सम. जवळपास दहाव्या हिश्शावर आल्यावर मीठ. मॅग्नेशियमचे कडू क्षार बहुतांशी शेवटपर्यंत पाण्यातच टिकून राहिले. मिठागरात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात का फिरवतात ते इथे कळतं. चुनखडी आणि जिप्सम आधीच्या वाफ्यांत सुटतात, मीठ शेवटच्या वाफ्यात धरतं, आणि कडू पाणी पुरतं आटायच्या आत मीठ ओढून घ्यायचं असतं. आमच्या आगरांत हे ज्ञान उझिलिओच्या कितीतरी आधीपासून हातांत होतं. त्याने त्याला आकडे दिले. पुढे याच प्रकारच्या क्षारांवर काम केलेल्या फान्ट हॉफचं नाव रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळवणारा म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. उझिलिओचा तक्ता मात्र भूशास्त्राच्या पुस्तकांत वापरला जातो आणि माणूस कुणाला आठवत नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण इतक्या धीराने केलेलं मोजमाप विरळच.

चाणाक्ष विद्यार्थी इथे अडेल, आणि त्याने अडावंच. लिटरभर शुद्ध पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळतं. समुद्राचं पाणी दहाव्या हिश्शावर आलं तरी हिशेब लिटरला २७० ग्रॅमच्या आसपासच जातो. मग मीठ इतक्या लवकर का धरतं? कारण मॅग्नेशियम क्लोराइडचे क्लोराइड आयनही त्याच पाण्यात आहेत. फेरीबोट आधीच्या धक्क्यावरूनच भरून आली तर आपल्या धक्क्यावरच्या माणसांना जागा कमी मिळते, तसंच हे. कॉमन आयन इफेक्ट तो हाच.

उझिलिओच्या तक्त्यातली एक नोंद मला सर्वांत प्रिय आहे. चुनखडीसोबत, सगळ्यांच्या आधी, लोहाचा ऑक्साइड खाली बसला होता. लिटरमागे फक्त तीन मिलिग्रॅम. आजच्या समुद्रात लोह जवळजवळ नाहीच. आणि तरी डिचोलीच्या डोंगरांतलं लोखंड समुद्रातूनच आलेलं आहे!

भूवैज्ञानिक या खडकांच्या एका गटाला डिचोलीचंच नाव देतात. अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे हे खडक. त्या काळच्या समुद्रात मोकळा ऑक्सिजन नव्हता, त्यामुळे दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह पाण्यात खुशाल विरघळून राहत होतं. सूक्ष्मजीवांनी सोडलेला ऑक्सिजन भेटला की त्या लोहाचा आणखी एक इलेक्ट्रॉन जाई, आणि तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह पाण्यात राहत नाही. ते सिलिकासोबत थराथराने तळाशी बसलं. पुढे ते थर वर आले, आणि आपल्या पावसाने लाखो वर्षं त्यातली सिलिका धुऊन नेली. लोह जागेवर राहिलं. आगरवाड्याला पाणी आटलं म्हणून क्षार बाहेर पडतो, डिचोलीत एक इलेक्ट्रॉन गेला म्हणून पडला. दोन्हीकडे प्रश्न एकच: कोणता पदार्थ पाण्यात राहतो आणि कोणता नाही.

मोलचा सरावही इथेच करता येतो. हेमटाइट या लोहखनिजाच्या एका रेणुसूत्रात दोन लोह, तीन ऑक्सिजन. १६० ग्रॅममध्ये ११२ ग्रॅम लोखंड, म्हणजे ७० टक्के. याहून जास्त लोखंड शुद्ध हेमटाइटमध्येही असूच शकत नाही. गोव्याचं बरंचसं खनिज ५८ टक्क्यांच्या खालचं. समजा नेमकं ५८ टक्के आहे, तर त्यात हेमटाइट किती? सुमारे ८३ टक्के. बाकीची सिलिका, ॲल्युमिना आणि पाणी. खाणपट्ट्यातल्या घराघरांत ऐकू येणारा ‘ग्रेड’ हा शब्द म्हणजे एवढंच त्रैराशिक आहे.

आता बाजारातल्या गुलाबी मिठाबद्दल. त्यात ८४ खनिजं असल्याची जाहिरात होते. तो गुलाबी रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडच्या अंशाचा, म्हणजे डिचोलीच्या लाल मातीत असतो त्याचाच. बाकी ते जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. चिमूटभर मिठातल्या त्या उरलेल्या खनिजांचा पोषणासाठी काहीही उपयोग नाही. आगरवाड्याच्या जाड्या मिठाला मात्र गिऱ्हाईक शोधावं लागतं. त्याच्याबद्दलही खरं तेच सांगायला हवं: त्यात पुरेसं आयोडीन नसतं, म्हणून रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ वापरावं आणि हे खारवण्याला, लोणच्याला घ्यावं.

उच्च माध्यमिकच्या शिक्षकांना एक विनंती. मार्च-एप्रिलमध्ये, पावसाआधी, वर्ग एकदा मिठागरावर न्या. सोबत हायड्रोमीटर ठेवा, प्रत्येक वाफ्यातल्या पाण्याची घनता मुलांना मोजू द्या, आणि आगरात काम करणाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांनाच शिकवायला सांगा.