नेटवर्क सॉकेटचा बफर : तपासणी आणि योग्य आकार

प्रस्तावना

दोन संगणकांमधील आज्ञावली ज्या टोकांतून परस्परांशी माहितीची देवाणघेवाण करतात, त्या टोकाला ‘सॉकेट’ म्हणतात. येणारी व जाणारी माहिती तात्पुरती ठेवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक सॉकेटला स्मृतीचा काही भाग देते. तो ‘बफर’ होय. जोडणी वेगवान असूनही माहिती संथ येत असेल, तर त्याचे एक कारण अपुरा बफर असू शकते.

विवेचन

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. तेथील एखाद्या जिनिंगच्या आवारात चारच गाड्या मावतात, अशी कल्पना करा. चार गाड्या निघाल्या की पोचपावती परत येईपर्यंत पाचवी सोडता येत नाही. गाव दूर असेल तर रस्ता कितीही रुंद असो, तो बराच वेळ रिकामाच राहतो. टीसीपी या नियमावलीत असेच घडते. स्वीकारणारा संगणक आपल्याकडील शिल्लक जागा कळवतो. पाठवणारा पोचपावतीवाचून तेवढीच माहिती पाठवतो.

म्हणून आवश्यक बफर म्हणजे जोडणीचा वेग गुणिले जाण्यायेण्याचा एकूण वेळ. वेग सेकंदाला १०० मेगाबिट आणि वेळ २०० मिलिसेकंद असल्यास २० मेगाबिट, म्हणजेच २.५ मेगाबाइट जागा लागते. बफर केवळ ६४ किलोबाइट असेल, तर प्रत्यक्ष वेग सुमारे २.६ मेगाबिटच मिळतो. अशा वेळी अधिक वेगाच्या जोडणीवर केलेला खर्च वाया जातो.

तपासणी व बदल

जाण्यायेण्याचा वेळ ‘पिंग’ या आज्ञेने कळतो. लिनक्समध्ये ‘सिसकंट्रोल’ ही आज्ञा स्वीकृतीच्या व प्रेषणाच्या बफरसाठी प्रत्येकी तीन आकडे दाखवते : किमान, प्रारंभिक आणि कमाल. या मर्यादांत प्रणाली बफर स्वतःच लहानमोठा करते. त्यामुळे बहुधा कमाल आकडाच वाढवावा लागतो. बफरचा काही भाग प्रणालीच्या नोंदींसाठी जात असल्याने तो गणितापेक्षा मोठा, साधारण दुप्पट ठेवावा. बदलासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. आज्ञेने केलेला बदल संगणक पुन्हा सुरू होताच नाहीसा होतो. तो कायम ठेवण्यासाठी मांडणीच्या फाइलमध्ये नोंदवावा. अवास्तव मोठा बफर मात्र स्मृती अडवतो आणि माहिती रांगेत खोळंबवतो.

स्वयं-अध्ययन

वेग ५० मेगाबिट व वेळ ४० मिलिसेकंद असल्यास किती बफर लागेल?

उत्तर : २,५०,००० बाइट. स्वीकृतीची कमाल मर्यादा अनेक लिनक्स प्रणालींत ६२,९१,४५६ बाइट असते. म्हणून येथे बदलाची गरज नाही. संथपणाचे कारण अन्यत्र शोधावे.