डबीतला उजेड

माइकला ओठ जवळजवळ टेकवून खणखणीत बोललं, तरी साध्या डायनॅमिक माइकच्या तारेतून जेमतेम दोन-चार मिलिव्होल्ट बाहेर पडतात. रिमोटमधल्या पेन्सिल सेलच्या पाचशेव्या हिश्शाएवढा हा वीजदाब! प्रीअँप तो 60 डेसिबलने, म्हणजे हजारपट वाढवतो. तेही त्यात स्वतःची खरखर फारशी मिसळू न देता.

पण माणूस एका पट्टीत थोडाच बोलतो? कुजबुज आणि आरोळी यांत 40 डेसिबलचा फरक सहज पडतो. व्होल्टमध्ये तो शंभरपट. कुजबुजीला बेतून आवाज वाढवण्याचं बटण फिरवलं, तर आरोळीच्या लाटेचे माथे सपाट कापले जातात आणि आवाज फाटतो. रेडिओवाले म्हणूनच बटणावर सतत हात ठेवून बसत. निवेदक चढला की खाली, उतरला की वर. पण कानाने ऐकून हात हलेपर्यंत शब्द निघून गेलेला असे.

कॅलिफोर्नियातल्या जिम लॉरेन्स या अभियंत्याने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम चक्क उजेडावर सोपवलं. त्यांच्या टेलिट्रॉनिक्स एलए-2ए या यंत्रात एका बंद डबीत विजेने उजळणारी चकती असते आणि तिच्यासमोर प्रकाश पडला की रोध कमी होणारा घटक. आवाजाचाच एक फाटा त्या चकतीला पेटवतो. आवाज चढला की उजेड वाढतो, रोध घटतो आणि जास्तीचा आवाज त्या वाटेने वळवला जातो. गाणाऱ्याचा आवाज स्वतःच्याच उजेडाने स्वतःला आवरतो! मला तर हे कितीदाही समजून घेतलं तरी नवंच वाटतं.

त्याहून नवल म्हणजे ही डबी लगेच विसरत नाही. आवाज उतरला की निम्मी पकड साधारण 60 मिलिसेकंदांत सुटते. उरलेली मात्र सावकाश, काही सेकंद घेत. उजेड जितका प्रखर आणि जितका वेळ पडलेला, तितकी ही ओसरण लांबते. त्यामुळे कुणी मागून खेचतंय असं कानाला जाणवत नाही.

पुढे युनिव्हर्सल ऑडिओ या कंपनीने एलए-610 या यंत्रात माइकचा प्रीअँप आणि अशीच डबी एकाच पेटीत बसवली. आवाज असा आवरण्याच्या दोन तऱ्हा. कॉम्प्रेशन म्हणजे समजूत घालणं: चारास एक प्रमाण असेल, तर मर्यादेवर चढलेल्या चार डेसिबलपैकी एकच पुढे जातो. लिमिटिंगमध्ये प्रमाण दहास एक किंवा त्याहून कडक. तिथे जवळपास भिंतच.

मराठी वाचनाच्या ध्वनिमुद्रणात याची किंमत मला फार लख्ख कळली. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि तिथेच श्वास संपत आलेला, आवाज बसलेला असतो. ‘तो त्या रात्री घरी आला नाही.’ मी वाचलं तेव्हा ‘आला’पर्यंत सगळं स्वच्छ होतं, ‘नाही’ मात्र पुटपुटल्यासारखं. कॉम्प्रेसर लावून वरचे चढ थोडे दाबले, मग एकूण पातळी उचलली. पंख्याची घरघरही थोडी वर आली. पंखा बंद करून पुन्हा वाचलं. या वेळी वाक्याच्या टोकाशी, श्वासाच्या अगदी काठावर, ‘नाही’ स्पष्ट ऐकू आलं.