संसाराचे संग्रहालय

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रे आहेत, चित्रे आहेत, वाद्यांचे स्वतंत्र दालनही आहे. पण त्याची खरी ओळख माजघर, स्वयंपाकघर आणि ओसरीवरच्या वस्तूंमुळे आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. जुनी घराणी आणि खेडोपाडी पडून राहिलेले सामान ते शोधत फिरले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या पुढे आहे. त्यांतला थोडाच भाग एका वेळी मांडता येतो.

अडकित्त्यांपाशी पाय हमखास थबकतात. सुपारी कातरायला दोन दांड्या, एक खिळा आणि एक पाते पुरते, पण कारागिराने त्या दांड्यांचे घोडे केले, मोर केले, स्त्री-पुरुषांच्या जोड्या केल्या. टाचा घासायच्या वजरीवरही पक्षी बसलेला दिसतो. साखळीने टांगलेला लामणदिवा, समई, देवघरातली उपकरणी, किसण्या, कोरीव दारे यांतही हीच वृत्ती दिसते. रोज हाताळायच्या वस्तूवर इतकी मेहनत घेण्यामागे हौस होती, तसा मानही होता. पानाचे तबक पाहुण्यापुढे ठेवले जाई, तेव्हा त्यातल्या अडकित्त्यावरून घराची ऐपत कळे.

संग्रहालयातला मस्तानी महाल मात्र वेगळ्या जातीचा. पहिल्या बाजीरावाने कोथरूडला बांधलेल्या महालाचे उरलेले भाग आणून केळकरांनी तो येथे पुन्हा उभा केला. पाहणाऱ्यांची गर्दी तिथेच जास्त, हे थोडे अन्यायाचेच.

या संग्रहात घर भरपूर आहे, शिवार त्या मानाने कमी. उदाहरणार्थ, आंबेगाव तालुक्यातील कळंब हे पुणे–नाशिक रस्त्यावरचे घोड नदीकाठचे गाव घ्या. अशा गावांत जाते, उखळ, मुसळ यांच्याइतकेच महत्त्व नांगर, कुळव, पाभर आणि मोट यांना होते. पिठाच्या गिरणीने जाते बंद पाडले आणि विजेच्या पंपाने मोट. पितळेच्या वस्तूला मोड म्हणून तरी किंमत येते. पाभरीचे लाकूड चुलीत जाते आणि मोटेचे चामडे कुजून जाते. त्यामुळे शेतीची अवजारे जपून ठेवणारे संग्राहक मोजकेच.

ही उणीव गोव्यात बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ने बरीच भरून काढली आहे. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी पाडलेल्या जुन्या घरांची दारे-खिडक्या वापरून त्याची इमारत बांधली. तिथे शेतीची अवजारे, माठ-रांजण आणि बैल जुंपून फिरवायचा भला मोठा घाणा ठेवलेला आहे. चार हजारांवर वस्तूंच्या या संग्रहात अवजाराचा घाट पाहण्याइतकेच ते कोणत्या मातीत, कोणत्या हंगामात चाले हे समजून घेण्याला महत्त्व आहे.