जहाजावरचं वेगळं टेबल

क्रूझचं तिकीट काढताना आपल्याकडचा प्रवासी एक प्रश्न हमखास विचारतो: जेवणखाण धरून ना? उत्तर 'हो' असतं आणि ते खरंही असतं. सकाळच्या न्याहारीपासून रात्री उशिराच्या पिझ्झापर्यंत पोटाची सोय त्याच पैशांत होते. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत पाण्यात उतरलेल्या बहुतेक मोठ्या जहाजांवर स्टेकहाउस, इटालियन, सुशी, तेप्पानयाकी अशी काही दारं असतात, आणि त्यांच्या आत जायचं तर वेगळे पैसे मोजावे लागतात. त्यांना स्पेशालिटी रेस्टॉरंट म्हणतात. एका अर्थी तिथं बसणारा एकाच जेवणाचे दोनदा पैसे देत असतो. एकदा तिकिटात, एकदा दारात. ही पद्धत इथवर कशी आली हे पाहिलं, तर वाटेत काय मिळालं आणि काय हरवलं तेही कळतं.

सुरुवात 1905 सालची. जर्मनीच्या हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनचे प्रमुख आल्बर्ट बालिन यांना लंडनच्या कार्लटन हॉटेलातलं जेवण आणि तिथली बडदास्त भावली होती. आपल्या 'अमेरिका' या नव्या जहाजावर तसंच उपाहारगृह मांडण्याचं काम त्यांनी सेझार रित्झ यांच्याकडे दिलं, आणि ऑग्यूस्त एस्कोफिए यांच्या पाककलेचा वारसा समुद्रावर आला. तोवर पहिल्या वर्गातला धनिकसुद्धा ठरलेल्या वेळी, ठरलेली पानं जेवत असे. 'अमेरिका'वर त्याला यादीतून हवा तो पदार्थ, हव्या त्या वेळी, पैसे देऊन मागवता येऊ लागला.

ब्रिटिश कंपन्यांनी हा धडा लगेच उचलला. व्हाइट स्टार लाइनचं 'ऑलिंपिक' 1911 मध्ये निघालं, तेव्हा त्यावर फ्रेंच अक्रोडाच्या लाकडानं मढवलेलं 'आ ला कार्त' रेस्टॉरंट होतं. ते इतकं चाललं, की पुढच्या वर्षी 'टायटॅनिक'वर ते आणखी मोठं केलं गेलं. ते चालवण्याचा ठेका लुइजी गाती या इटालियन व्यावसायिकाकडे होता, आणि तिथले वाढपी व आचारी जहाज कंपनीचे नसून त्यांचे नोकर होते. 14 एप्रिल 1912 च्या रात्री कॅप्टन स्मिथ याच रेस्टॉरंटमध्ये वाइडनर कुटुंबाच्या मेजवानीला होते. काही तासांनी जहाज बुडालं. गातींसह त्यांची जवळजवळ सगळी माणसं गेली, फक्त तिघं वाचली.

त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जो प्रवासी सगळी जेवणं या रेस्टॉरंटमध्येच घेणार असेल, त्याला तिकिटाच्या रकमेतून सूट मिळत असे. मुख्य भोजनगृहात मी जेवणार नाही, तर तिथले पैसे माझ्याकडून का घ्यावेत, हा साधा हिशेब कंपनीला मान्य होता. आज तो हिशेब कुठल्याही मोठ्या जहाजावर होत नाही. तुम्ही सातही रात्री वेगळे पैसे देऊन स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये जेवलात, तरी तिकिटात धरलेल्या सात जेवणांचा एक डॉलरही परत येत नाही.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातही वेगळं टेबल श्रीमंतांपुरतंच राहिलं. 1936 च्या 'क्वीन मेरी'वर जहाजाच्या मागच्या टोकाला 'व्हरांडा ग्रिल' होतं. त्याच्या भिंती डोरिस झिंकाइसन यांच्या चित्रांनी सजल्या होत्या. पहिल्या वर्गाचं तिकीट काढूनही तिथं वर पैसे पडत, आणि सिनेतारकांची तिथं वर्दळ असे. मग 1958 पासून जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली. पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आला आणि प्रवासी जहाजांचा बाजार उठला.

जहाजं पुन्हा भरली ती सहलीसाठी. 1966 मध्ये 'सनवर्ड' हे जहाज मायामीहून कॅरिबियन बेटांकडे जाऊ लागलं, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आजच्या मोठ्या क्रूझ कंपन्या उभ्या राहिल्या. या नव्या जहाजांनी वर्ग मोडीत काढले. केबिन लहान असो वा मोठी, जेवण सगळ्यांना एकच. संध्याकाळी दोन पंगती, पहिली साडेसहाच्या सुमारास, दुसरी साडेआठच्या. टेबल ठरलेलं, वाढपी ठरलेला, शेजारी बसणारं अनोळखी कुटुंबही आठवडाभर तेच. तिसऱ्या दिवसापर्यंत वाढप्याला कुणाला किती तिखट चालतं ते पाठ झालेलं असे. शिस्तीचा जाच होता, उशीर झाला तर पंचाईत होती, पण त्या दालनात पंक्तिप्रपंच नव्हता.

या चौकटीला फट पडली ती कौतुकास्पद कारणानं. 1990 मध्ये 'क्रिस्टल हार्मनी' या जपानी मालकीच्या जहाजानं मुख्य दालनाबरोबर 'क्योटो' हे जपानी आणि 'प्रेगो' हे इटालियन रेस्टॉरंट दिलं, तेही वेगळी किंमत न लावता. अर्थात ते महागडं जहाज होतं, तिकीटच भारी. 1998 मध्ये 'डिस्ने मॅजिक'वर फक्त प्रौढांसाठी 'पालो' हे रेस्टॉरंट उघडलं, तेव्हा शुल्क होतं माणशी 5 डॉलर. टेबल आरक्षित करून न येणाऱ्यांना आळा बसावा आणि वाढप्यांच्या हाती चार पैसे पडावेत, एवढाच त्या रकमेचा अर्थ होता. आज त्याच दारात साधारण दहापट मोजावे लागतात.

खरी कलाटणी मिळाली 2000 मध्ये, आणि तिचं मूळ आशियात आहे. मलेशियाच्या गेंटिंग समूहाच्या स्टार क्रूझेसची 'सुपरस्टार लिओ' आणि 'सुपरस्टार व्हर्गो' ही जहाजं वेगवेगळी रेस्टॉरंटं घेऊन सिंगापूर-हाँगकाँगच्या परिसरात फिरत होती. आपल्याकडच्या सिंगापूर-मलेशिया सहलींमधून कितीतरी मराठी कुटुंबांनी पहिली क्रूझ पाहिली ती 'व्हर्गो'वर. याच कंपनीनं 2000 मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइन ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' जाहीर झालं. ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, कोटाची सक्ती नाही. 2001 चं 'नॉर्वेजियन स्टार' तर मुळात आशियासाठी 'सुपरस्टार लिब्रा' या नावानं बांधायला घेतलेलं जहाज. ते नाव पुढे दुसऱ्या एका जहाजाला मिळालं आणि 2005 मध्ये ते जहाज मुंबईहून सहली करू लागलं.

हव्या त्या वेळी, हव्या त्या माणसांबरोबर जेवायची मोकळीक लोकांना मनापासून आवडली. पण दहा रेस्टॉरंटं चालवायची तर दहा मुदपाकखाने आणि तेवढी माणसं लागतात, आणि तो खर्च तिकिटावर न घालता दारांवर वाटला गेला. बाकीच्या कंपन्याही मागं राहिल्या नाहीत. रॉयल कॅरिबियननं 1999 मध्ये 'पोर्टोफिनो' आणि 2001 मध्ये 'चॉप्स ग्रिल' आणलं. 2000 सालच्या 'सेलिब्रिटी मिलेनियम'वर तर 'ऑलिंपिक' नावाचं रेस्टॉरंट सजलं. 1935 मध्ये मोडीत निघालेल्या मूळ 'ऑलिंपिक'मधलं अक्रोडाचं लाकूडकाम लिलावांतून फिरत तिथं पोचलं होतं. गातींच्या काळातलं वैभव आता मध्यमवर्गीय सुटीच्या आवाक्यात आलं होतं, आणि ही गोष्ट मी चांगलीच मानते.

चांगली का, तर त्या दारांमागं खरंखुरं कसब असतं. मुख्य दालनाच्या गॅलीला, म्हणजे मुदपाकखान्याला, दोन-तीन तासांत हजारो पानं वाढायची असतात. तिथं सॉस पिंपाच्या मापानं होतो. छोट्या रेस्टॉरंटमध्ये पदार्थ तुमच्या मागणीनंतर शेगडीवर चढतो, तोही विजेच्या शेगडीवर, कारण आगीच्या धोक्यामुळं जहाजाच्या गॅलीत उघडी ज्योत चालत नाही. या अडचणीतून उत्तम स्वयंपाक काढायला आचारी मुरलेला लागतो. म्हणून नामवंत शेफ जहाजावर आले. 2004 च्या 'क्वीन मेरी 2'वर टॉड इंग्लिश, 2010 च्या 'अझुरा'वर अतुल कोचर यांचं भारतीय 'सिंधू', 2011 च्या 'डिस्ने ड्रीम'वर आर्नो लाल्मां आणि स्कॉट हनल यांनी बेतलेलं 'रेमी', तेव्हा माणशी 75 डॉलरचं. लग्नाचा वाढदिवस असेल, वेगळं काही चाखायची हौस असेल, तर अशा एका रात्रीचे पैसे आनंदानं द्यावेत.

दुखणं सुरू होतं ते यानंतर. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नातला सुमारे तीस टक्के भाग आता जहाजावरच्या खर्चातून येतो. त्यात दारू, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट आणि ही रेस्टॉरंटं असं सगळं असतं. तिकीट स्वस्त दाखवायचं आणि माणूस जहाजावर चढल्यावर उरलेलं काढायचं, हे एकदा गणित ठरलं, की तिकिटातलं जेवण फार चांगलं असणं कंपनीच्या सोयीचं राहत नाही. मुख्य दालनातल्या यादीतही किमती डोकावू लागल्या. चांगला स्टेक हवा, वर पैसे. लॉबस्टर आणखी एक हवा, वर पैसे. खोलीत जेवण मागवणं पूर्वी फुकट होतं, तिथंही शुल्क आलं. आणि शुल्काच्या वर अठरा ते वीस टक्के टीप आपोआप जोडली जाते.

लोकांना सामायिक दालन नको आहे, असा या बदलामागचा एक समज होता. 2014 मध्ये रॉयल कॅरिबियनच्या 'क्वांटम ऑफ द सीज'नं तो पडताळून पाहिला. तिथं एकच मोठं दालन न ठेवता 'डायनॅमिक डायनिंग' या नावाखाली चार वेगवेगळ्या धाटणीची दालनं मांडली. आरक्षणांचा गोंधळ उडाला आणि थोड्याच काळात कंपनी जुन्या धर्तीच्या दालनाकडे परतली. माणसांना पर्याय हवे असतात, पण रोज संध्याकाळी हक्काची एक जागाही हवी असते, हे त्यातून दिसलं.

आपल्या प्रवाशाला हा हिशेब आणखी महाग पडतो. बहुतेक ठिकाणी शुल्क माणशी असतं, पदार्थावर नाही. स्टेकहाउसमध्ये मोठा स्टेक खाणारा आणि बटाटा, पालक, मशरूमवर भागवणारा शाकाहारी, दोघं सारखेच पैसे देतात. माणशी 50 डॉलर म्हणजे चार हजार रुपयांहून अधिक, म्हणजे चौघांच्या कुटुंबाचे एका जेवणाला सोळा हजारांवर. उलट मुख्य दालनातल्या हेड वेटरला आदल्या रात्री सांगून ठेवलं, तर पुष्कळ जहाजांवर वरण, भाजी, भात, क्वचित पोळीसुद्धा जादा पैशांशिवाय मिळते. गॅलीत आपल्याकडचं कुणीतरी असतंच.

ते असण्यालाही मोठा इतिहास आहे. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर एकोणिसाव्या शतकापासून वाढपी आणि आचारी म्हणून गोव्याचे लोक होते. ख्रिस्ती असल्यानं गोमांस किंवा डुकराचं मांस हाताळायला त्यांची हरकत नसे, म्हणून त्यांना मागणी होती. जहाज मिळेपर्यंत हे तारवटी, म्हणजे जहाजावरचे कामगार, मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कूड'मध्ये, म्हणजे सामायिक निवासात, मुक्काम करत. या कौशल्याची किंमत वसूल करायची असेल, तर तिचा वाटा त्या हातांपर्यंत पोचतो का, हे विचारण्याचा आपल्याला दुप्पट अधिकार आहे.

वेगळी वाट अशक्य नाही. ओशनिया या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर खास रेस्टॉरंटं तिकिटातच धरलेली असतात. 2021 मध्ये प्रवासी घेऊ लागलेल्या व्हर्जिन व्हॉयेजेसनं तर मुख्य दालन आणि बुफे दोन्ही काढून सगळी रेस्टॉरंटं तिकिटात दिली. किंमत आधी सांगा, नंतर हात पुढं करू नका, एवढं त्यामागचं साधं तत्त्व.

हे आता आपल्या दारात आलं आहे. 2021 पासून कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाऊ लागलं आणि हजारो घरांतून माणसं पहिल्यांदा जहाजावर चढली. भारतीय क्रूझ व्यवसाय अजून वयात येतो आहे, त्यामुळं त्याच्या सवयी आत्ताच घडतील. खास रेस्टॉरंटं जरूर असावीत. पण मोदकापासून माशाच्या कालवणापर्यंत आपल्याकडे जे उत्तम आहे, ते तिकिटातल्या पानावर आधी वाढलं जावं. वेगळ्या टेबलाचं शुल्क आणि कर, टीप धरून पडणारी पूर्ण रक्कम तिकीट काढतानाच समोर असावी. ज्यानं मुख्य दालनातलं जेवण सोडलं, त्याला शंभर वर्षांपूर्वीसारखी थोडी सूट द्यायलाही हरकत नाही. आणि प्रवाशांनीही जहाजाची पारख करताना स्टेकहाउस किती भारी हे विचारण्याआधी एक गोष्ट विचारावी: ज्यानं फक्त तिकिटाचे पैसे दिले आहेत, तो माणूस इथं पोटभर आणि मानानं जेवतो का? ज्या जहाजावर याचं उत्तर 'हो' आहे, तिथं वर पैसे देऊन बसण्यातही मजा आहे.