गडगडाटाची शेपटी कापू नका

टोकावड्यात ढग वाजतात ते मेअखेरीस वळवाबरोबर, नाहीतर ऑक्टोबरात, भात कापणीला आलेलं असताना. मधल्या महिन्यांत पाऊस धो धो, पण विजा कमी. रात्रीचा गडगडाट घरबसल्या रेकॉर्ड करायचा तर हे दोन हंगाम धरावेत. गाव त्यासाठी फार चांगलं आहे. पूर्वेला नाणेघाट-जीवधनचे कडे उभे आहेत आणि ते आवाज परत पाठवतात.

वीज ज्या वाटेने जाते तिथली हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि स्फोट व्हावा तशी फुगते. ही वाट वेडीवाकडी, कित्येक किलोमीटर लांब. तिच्या जवळच्या भागाचा आवाज आधी पोचतो, लांबचा मागून येत राहतो. शिवाय कड्यांवरून परतलेला त्यात मिसळतो. लोक पहिला कडकडाट झाला की मोबाइल बंद करतात, याची मला खरोखर हळहळ वाटते. ऐकण्यासारखं त्यानंतरच सुरू होतं.

रेकॉर्डर पत्र्याखाली नको, पावसापुढे दुसरं काही ऐकूच येणार नाही. कौलाखाली, पडवीत आतल्या बाजूला, गोधडीच्या घडीवर ठेवा. माइकला फोमची टोपी घाला. पातळी इतकी खाली ठेवा की रातकिडे जेमतेम ऐकू येतील, नाहीतर जवळची वीज कडाडली की आवाज फाटतो. पातळी आपोआप वरखाली करणारी सोय बंदच हवी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण एक जीबी जागा घेते. लाइट गेली तर उत्तम: फ्रिज-पंख्याची घरघर थांबते.

चार्जर काढा, रेकॉर्डर बॅटरीवर सुरू करा आणि आत जा. खिडकीच्या गजांना, नळाला हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते पाहत राहा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत रेकॉर्डर आणायला पडवीत जायचं नाही.

रेकॉर्डिंगमध्ये चमक उमटत नाही. म्हणून चमकताक्षणी आतूनच मोठ्याने ‘चमकली’ म्हणा. त्या शब्दापासून गडगडाटापर्यंतच्या सेकंदांना तीनने भागलं की वीज किती किलोमीटरवर होती ते कळतं. सकाळी हे आकडे वेळेनुसार वहीत लिहिले, की वादळ केव्हा जवळ आलं, किती वेळ रेंगाळलं आणि कधी लांब गेलं, सगळं समोर येतं.